1962 पासून स्टेडियम हाऊसफुल्ल, तरी नेब्रास्काची टीम मागे का पडली?

नेब्रास्का म्हणजे अमेरिकेतलं जेमतेम 20 लाख लोकसंख्येचं, मक्याच्या शेतांचं राज्य. तिथल्या युनिव्हर्सिटीने अमेरिकन फुटबॉलमध्ये (हातात चेंडू घेऊन पळायचं तेच) 1970 ते 1997 दरम्यान 5 राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. शेवटची 3 कोच टॉम ऑसबोर्न यांच्या काळातली. 1997 च्या सीझननंतर ते निवृत्त झाले आणि उतरती कळा लागली.

पण सगळं खापर त्यावर फोडता येत नाही. पूर्वी टीव्हीवर मोजक्याच मॅच दिसायच्या आणि चांगले खेळाडू टीव्हीवर दिसणाऱ्या टीमकडे जायचे. 1984 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते नियंत्रण मोडलं, मग हळूहळू सगळेच टीव्हीवर आले. पुढे स्कॉलरशिपची मर्यादाही 85 वर आली. मोठ्या टीमना जादा खेळाडू बाकावर साठवून ठेवणं अवघड झालं.

राज्यात स्थानिक खेळाडू कमी, त्यामुळे टेक्सासमधून आणायचे. 2011 मध्ये टीम बिग टेनमध्ये गेली. टीव्हीचा पैसा वाढला, पण टेक्सासमधल्या नेहमीच्या मॅच गेल्या.

त्यात घाई नडली. 2003 मध्ये 9 मॅच जिंकून देणाऱ्या कोच फ्रँक सोलिच यांनाच काढलं. नंतर 2017 ते 2023 असे सलग 7 सीझन टीम सीझनअखेरच्या ‘बोल’ मॅचपर्यंतही पोहोचली नाही.

तिकिटं मात्र तेव्हाही संपत होती.