मर्यादित प्रती आणि दिलेला शब्द

बाजारांत जें विकलें जातें त्याचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. एक, जें तराजूंत घालून तोलतां येतें तें. आणि दुसरें, जें केवळ विश्वासावर घ्यावें लागतें तें. तांदूळ पहिल्या वर्गांत मोडतात, वैद्याची पुडी दुसऱ्या वर्गांत. आतां, कित्येक सुशिक्षित घरांतून कलावंताचें छायाचित्र विकत घेऊन दिवाणखान्यांत लावतात. त्याच्या खालीं पेन्सिलीनें ‘७/२५’ असा आंकडा पुष्कळदां लिहिलेला असतो. त्याचा अर्थ असा कीं, या चित्राच्या एकंदर पंचवीसच प्रती निघावयाच्या असून ही त्यांपैकीं सातवी. हा आंकडा वरीलपैकीं कोणत्या वर्गांतला, याचा थोडा विचार करूं.

आंकडा घालण्याची ही चाल छायाचित्रकारांची मूळची नव्हे. ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांकडून आली. पत्रा दाबाखालीं झिजतो. नुसत्या सुईनें ओरखडलेल्या रेषेची कडा तर थोड्याच प्रतींत बोथट होते. म्हणून आधींच्या प्रती सरस आणि मागाहूनच्या फिक्या. प्रत कितवी हें सांगणें म्हणजे मालाचा कस सांगणेंच होतें. शिवाय ठरलेल्या प्रती निघाल्या म्हणजे पत्र्यावर आडव्या रेघा मारून तो निकामी करण्याचीही रीत होती. छायाचित्राची गोष्ट निराळी आहे. १८४१ सालीं इंग्लंडांत टॅल्बटनें कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचें पेटंट घेतलें, आणि एका मूळावरून अनेक प्रती काढण्याचा मार्ग मोकळा झाला. आजची संगणकांतली फाइल तर छापल्यानें मुळींच झिजत नाहीं. सातवी प्रत आणि सातशेवी प्रत शेजारीं ठेविल्या तर चांगल्या परीक्षकासही भेद सांगतां येणार नाहीं. तेव्हां येथें मर्यादा पदार्थाची नाहीं, वचनाची आहे. गिऱ्हाईक कागदाचे आणि शाईचे पैसे देतें ते थोडे. चित्राच्या गुणाचे देतें ते योग्यच. परंतु उरलेले सारे पैसे तें त्या वचनाचे देतें.

या वचनाचा अर्थ काय, याविषयीं अमेरिकेंत एक नामांकित खटला झाला. विल्यम एगल्स्टन हे रंगीत छायाचित्रकलेंतील थोर नांव. १९७६ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत त्यांचें प्रदर्शन झालें, आणि जमिनीलगत कॅमेरा धरून टिपलेली त्यांची मुलाची तीनचाकी सायकल जगप्रसिद्ध झाली. या चित्रांच्या थोड्याच प्रती जुन्या रंग-ठशांच्या खर्चिक पद्धतीनें काढून विकल्या गेल्या होत्या. पुढें मार्च २०१२ मध्यें त्यांच्या ३६ चित्रांच्या नव्या, पुष्कळ मोठ्या आकाराच्या प्रती संगणकाच्या साह्यानें छापून ख्रिस्तीज्‌च्या लिलांवांत मांडण्यांत आल्या. एकंदर विक्री सुमारें ५९ लाख डॉलरची झाली. एकट्या सायकलीस ५,७८,५०० डॉलर आले. तेव्हां जुन्या प्रतींचा एक संग्राहक न्यायालयांत गेला. त्याचें म्हणणें, आमच्या प्रती मर्यादित म्हणून आम्हीं घेतल्या. तींच चित्रें पुन्हां छापल्यानें त्यांचें मोल घटलें. २०१३ मध्यें न्यायालयानें दावा काढून टाकला. नव्या प्रतींचा आकार निराळा, छपाई निराळी. म्हणून ती नवी आवृत्ति होय, आणि जुनी आवृत्ति होती तेवढीच राहिली, असा निकालाचा आशय होता.

हा निकाल चुकीचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्या कलावंतानें कोणास फसविलें असें म्हणणेंही अन्यायाचें होईल. दुसऱ्या रूपांत हीं चित्रें कधींच काढणार नाहीं, असें कोणीं लिहून दिलेलें नव्हतें. परंतु कायद्याचें काम जेथें संपतें तेथें नीतीचें सुरू होतें. आपल्या शास्त्रकारांनीं ‘सैंधव’ शब्दाचें उदाहरण दिलें आहे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडाही. पानावर बसलेल्या यजमानानें सैंधव मागितलें असतां घोडा आणून उभा करणारा सेवक कोशाच्या दृष्टीनें बरोबर, पण व्यवहाराच्या दृष्टीनें वेडा किंवा लबाड ठरेल. ‘पंचवीसच प्रती’ हे शब्द ऐकून सामान्य गिऱ्हाईक ‘या चित्राच्या पंचवीस’ असेंच समजतें, ‘या आकाराच्या पंचवीस’ असें नव्हे. त्याची ही समजूत विकणाऱ्यास ठाऊक असते, आणि किंमतही तिच्याच जोरावर चढते. समजुतीचा लाभ घ्यावयाचा आणि अडचण आली म्हणजे शब्दाकडे बोट दाखवावयाचें, हें सचोटीचें नव्हे. मोठ्या प्रती पुढें काढावयाच्या असतील तर खुशाल काढाव्या. मात्र तसें पहिल्या विक्रीच्या वेळींच सांगावें.

वचन देणारा गेल्यावर काय, हा प्रश्न तर एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस सहज कळण्यासारखा आहे. एडवर्ड वेस्टन १९५८ मध्यें वारले. त्यांच्या निगेटिव्हवरून पुत्र कोल यांनीं प्रती काढल्या, पण त्या आपण छापल्या आहेत अशी नोंद ठेवून. दुसरे पुत्र ब्रेट यांनीं १९९१ मध्यें, आपल्या ऐंशीव्या वाढदिवशीं, स्वतःच्या बहुतेक निगेटिव्ह जाळून टाकल्या. आपल्यामागें दुसऱ्या कोणीं त्या छापूं नयेत, ही त्यांची इच्छा. दोन्ही मार्ग आम्हांस प्रामाणिक वाटतात. वडिलांचें ऋण जसें मुलांकडे येतें, तसा वडिलांचा शब्दही येतो.

कोणी विचारील, मर्यादा घालावीच कां? अँसेल अ‍ॅडम्स यांनीं १९४१ सालच्या आपल्या चंद्रोदयाच्या चित्राच्या हजाराहून अधिक प्रती स्वहस्तें काढल्या. त्यानें त्या चित्राची थोरवी उणावली नाहीं. १८९४ मध्यें मुंबईंत निघालेल्या आणि पुढें मळवलीस गेलेल्या रविवर्म्यांच्या छापखान्यांतील लक्ष्मी-सरस्वती घरोघर लागल्या. आपली प्रत कितवी, हें कोणीं विचारलें नाहीं. तथापि कलावंतासही पोट आहे. थोड्या प्रती चांगल्या किंमतीस विकून तो निर्वाह करीत असेल तर त्यांत दोष नाहीं. दोष आहे तो मोघम बोलण्यांत. आणि दुसऱ्याच्या घरीं नाहीं एवढ्याचसाठीं जो चित्र घेतो, त्यानेंही आपण चित्र घेतों कीं अहंकार, हें एकदां स्वतःस विचारावें.

म्हणून विकणाऱ्यानें चार गोष्टी लिहून द्याव्या, आणि घेणाऱ्यानें त्या संकोच न धरतां मागाव्या: सर्व आकार मिळून प्रती किती, कलावंतानें स्वतःकरितां राखलेल्या प्रती त्यांत धरल्या आहेत कीं नाहींत, पुढें दुसऱ्या रीतीनें छापण्याचा हक्क राखला आहे काय, आणि त्याच्या पश्चात् मूळ निगेटिव्हचें किंवा फाइलचें काय व्हावयाचें. घरांतील एखादा तरुण छायाचित्रें विकूं लागला असेल तर वडीलधाऱ्यांनीं त्याला कॅमेऱ्याच्या जोडीनें एक वहीही घेऊन द्यावी, आणि विकलेली प्रत्येक प्रत तिच्यांत मांडण्याची संवय लावावी. निगेटिव्ह झिजत नाहीं. मोघम बोलण्यानें पत मात्र झिजते, आणि तिची दुसरी प्रत निघत नाहीं.