सांधे का दुखतात?

रोवणीच्या दिवसांत भंडाऱ्याकडच्या बाया बांधीत दिवसभर वाकतात. रात्री गुडघे ठणकतात. “वात आहे,” म्हणून आपण गप्प बसतो. आम्हीही तसेच समजत होतो. पण दुखण्याची कारणे अनेक असतात.

पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली भिगवण गावी घरोघर चौकशी करविली. ४०९२ माणसांपैकी ७४६ जणांना असले दुखणे निघाले. कोणाचे गुडघे झिजलेले, कोणाचे कष्टाने आखडलेले. दोनशेंत एकाला मात्र आमवात होता.

आमवात म्हणजे काय? रोगाशी लढणारी शरीरातली शक्तीच सांध्यांवर उलटते. राखणीचा कुत्रा घरच्यालाच चावावा, तसे! सकाळी बोटे तासभर आखडतात, सांधे सुजतात. असे झाले तर लवकर दवाखान्यात जावे. सांधा एकदा वाकडा झाला, की औषधाने सरळ होत नाही.