कातकामाचे लाकूड : पारख आणि खरेदी

सावंतवाडीची लाकडी फळे पाहताना लक्ष जाते ते त्यांच्या रंगाकडे. ती ज्या लाकडातून उतरली त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. कारागिराचा नफा-तोटा मात्र रंगाचा हात फिरण्यापूर्वीच, लाकूड विकत घेताना, बव्हंशी ठरून गेलेला असतो. ओल्या ओंडक्यातून कातलेली वस्तू काही महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या घरी तडकते आणि दोष येतो तो कातारीच्या हाताला.

लाकूड जितके कठीण तितके उत्तम, हा समज कातकामात खरा ठरत नाही. सावंतवाडीत पूर्वापार वापर होता तो मऊ व हलक्या पांगाऱ्याचा. पुढे आंबा व शिवण यांचा उपयोग वाढला. कर्नाटकातील चन्नपट्टण आणि आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका येथील लाखकामाची खेळणी आपल्याकडे काळा कुडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या लाकडाची. या लाकडाचा रंग पांढरट आणि पोत बारीक, एकसारखा असतो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. फिक्या, गुळगुळीत पृष्ठभागावर तिचा रंग खुलतो; आत ओल राहिली असेल तर लाकूड मागाहून आकसते व लाखेचा थर सुटण्याचा धोका राहतो.

ओलीचा हा प्रश्न नीट समजून घेण्याजोगा आहे. झाड तोडल्यावर प्रथम पेशींच्या पोकळीतील पाणी निघून जाते. तोवर लाकूड फारसे आकसत नाही. ओल सुमारे ३० टक्क्यांखाली उतरली की पेशींच्या भित्तिकांतील पाणी जाऊ लागते आणि आकुंचन सुरू होते. हे आकुंचन वर्तुळाकार वलयांच्या दिशेने, गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. ज्या ठोकळ्यात ओंडक्याचा मध्यबिंदू राहिला तो बहुधा चिरतो, त्याचे कारण हेच. असा ठोकळा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

ओल मोजण्यास यंत्रच हवे असे नाही. एक तुकडा कापून वजन करावा, भट्टीत पूर्ण सुकवून पुन्हा तोलावा. प्रथम ६०० ग्रॅम व सुकल्यावर ४८० ग्रॅम भरला, तर गेलेले पाणी १२० ग्रॅम. सुक्या वजनाच्या मानाने ओल २५ टक्के. कातकामास ती १२ टक्क्यांच्या आसपास असावी. तेवढी सवड नसल्यास ठोकळे दर आठवड्यास तोलावेत. वजन उतरणे थांबले म्हणजे लाकूड त्या हवेत मुरले. कोकणातील पावसाळ्यात मात्र हे थांबणे फसवे असते, हवाच दमट! ताज्या ठोकळ्यांच्या दोन्ही टोकांस मेण किंवा जाड रंग फासून ते सावलीत, हवा खेळेल असे रचावेत. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने जाते व तडे तेथूनच सुरू होतात.

मोजमापाचा हिशेबही ठाऊक असावा. गोल ओंडक्याच्या घेराचा चतुर्थांश घेऊन त्याचा वर्ग लांबीने गुणण्याची रीत लाकूडबाजारात रूढ आहे. ४ फूट घेर व ६ फूट लांबी असल्यास ६ घनफूट भरतात. प्रत्यक्षात लाकूड साडेसात घनफुटांहून किंचित अधिक असते. चिरलेल्या मालात अशी सूट नसते. त्यामुळे दोन्हींच्या दरांची तुलना नुसत्या आकड्यांवरून करू नये.

खरेदीपूर्वी मालाचे मूळही विचारावे. झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा आहे. स्वतःच्या बांधावरील आंबा तोडण्यासही परवानगी लागते. वाहतूक परवान्याचे नियम जातीनुसार व जिल्ह्यानुसार वेगळे असू शकतात, म्हणून वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी चौकशी करणे इष्ट. शिसमाच्या वस्तू परदेशी पाठविणाऱ्यांस आणखी एक बंधन पाळावे लागते : त्या संपूर्ण वृक्षवंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २ जानेवारी २०१७ पासून नियंत्रित आहे.

पांगारा व शिवण कुंपणालाही लावता येतात. पांगाऱ्याची जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तरी रुजते. शिवण रोपांपासून वाढवावी लागते.