जिन्याखालचा ड्रम : ओल्या कचऱ्याचे खत आणि आपले आरोग्य

झोपडपट्टी पुनर्वसन योजना 1995 साली आली आणि मुंबईतल्या अनेक वस्त्या इमारतींत गेल्या. आधी 225, मग 269, आता 300 चौरस फुटांचे घर, घरातच नळ आणि संडास. आज ना उद्या आपल्यापैकी आणखी पुष्कळ कुटुंबे अशाच इमारतींत राहायला जातील. तिथे गेल्यावर सगळ्यात आधी बिघडते ती कचऱ्याची घडी. लिफ्ट बंद, घंटागाडी येते ती नेमकी कामावर निघायच्या वेळी, मग सहाव्या मजल्यावरची पिशवी खिडकीतून दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत पडते. तळमजल्यावरच्या घराला मग खिडकी कायमची लावून घ्यावी लागते.

त्या पिशवीतला प्लास्टिकचा भाग आजार आणत नाही, आणतो तो भात-भाजीचा. त्यावर उंदीर-घुशी पोसतात. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाला जखम असेल तर, लेप्टोस्पायरोसिस होतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने त्याची साथ पाहिली आहे. पावसाळ्यात ताप, डोके दुखणे, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर घरी गोळी खाऊन थांबू नये, त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात जावे. माशीचेही तसेच. उकाड्यात तिची अंडी एका दिवसात फुटतात आणि आठ-दहा दिवसांत नवी माशी उडते. म्हणून ओला कचरा उघडा पडू न देणे हाच खरा उपाय.

तो गाडीत दिला तरी प्रश्न संपत नाही, फक्त जागा बदलते. देवनारचे डम्पिंग ग्राउंड 1927 पासून आहे. 2016 मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर दिवसेंदिवस हटला नाही. तो धूर आधी कोणाच्या छातीत गेला, हे गोवंडीतल्या वाचकांना सांगायला नको. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. त्याआधी मिसळलेल्या कचऱ्यातून हाताने काच आणि ब्लेड वेचणारी माणसेही बहुतेक आपल्याच समाजाची. ओले वेगळे, सुके वेगळे, पॅड-डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्यावे, असे घनकचरा व्यवस्थापनाचे नियम सांगतात.

आता खताविषयी. पाच माणसांच्या घरातून रोज साधारण अर्धा-पाऊण किलो ओला कचरा निघतो. एका मजल्यावरच्या आठ-दहा घरांना 200 लिटरचे तीन झाकणाचे ड्रम पुरतात. एक भरायला जवळपास तीन आठवडे लागतात. तो मुरत असताना दुसरा भरायचा, मग तिसरा. तिसरा भरेपर्यंत पहिल्यातले खत तयार होत आलेले असते. ड्रम भंगारवाल्याकडून घेताना आत आधी काय होते ते विचारा. रसायनाचा असेल तर नको, खाण्याच्या तेलाचा किंवा सरबताचा चालेल. बाजूंना बोटभर अंतरावर बारीक भोके पाडा, आतून बारीक जाळी लावा म्हणजे उंदीर शिरणार नाही, आणि ड्रम विटांवर उभा करा. खाली गळणाऱ्या पाण्यासाठी ठेवलेली थाळी रोज ओता, नाहीतर डासांची सोय होते.

तळाला सुका पाला घाला. त्यानंतर जितका ओला कचरा, तितकाच पाला, कागदाचे तुकडे किंवा लाकडाचा भुसा वर टाका. प्लायवुडचा भुसा नको, त्यात गोंद असतो. सुरुवातीला थोडे जुने खत किंवा आंबट ताक घातले की काम लवकर सुरू होते. तीन-चार दिवसांनी काठीने वरखाली करा. मधला भाग हाताला गरम लागला तर सगळे ठीक चालले आहे. मूठभर दाबून पाहा, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा हवा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा जात नाही असे समजा, पाला वाढवा आणि ढवळा. करड्या जाड अळ्या दिसल्या तर बायका घाबरतात, पण त्या घरातल्या माशीच्या नसतात. त्या कचराच खातात, राहू द्या.

माहितीपत्रकांत बहुधा लिहिलेले असते, 'मांस-मासे टाकू नका.' ती कोणाचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून लिहितात ते कळतेच. आपल्याकडे बोंबलाची डोकी आणि कोंबडीची हाडे असणारच. माशाचे काटे आणि बारीक तुकडे ड्रमच्या मधोमध पुरून वर चार बोटे पाला टाकला तर चालतात. मटणाची मोठी हाडे मात्र कुजत नाहीत, ती गाडीत द्या. तेलकट रस्साही नको.

ढवळताना हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा, नंतर साबणाने हात धुवा. दमा किंवा क्षयाचा रुग्ण असेल त्याला या कामात घेऊ नका, बुरशीची धूळ छातीत जाते.

खरा पेच वेगळाच आहे. काही महिने उत्साह टिकतो, मग सोसायटी म्हणते की झाडूवाल्या बाईंना आणखी दोनशे रुपये द्या, त्या ढवळतील. म्हणजे खत आपले आणि घाण पुन्हा त्याच हातांना. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सुनीत या भंग्याची धम्मदीक्षा आवर्जून सांगितली आहे. ते वाचणाऱ्या घराने तरी ड्रमची पाळी टाळू नये. दारावर वहीचे पान लावा, आठवड्याला एक घर, त्यात पुरुषांची नावेही यावीत.

पाल्याची सोय आत्ताच करून ठेवा. विहारासमोरचा पिंपळ फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकतो आणि बहुतेक ठिकाणी ती जाळली जातात. ती पोत्यांत भरून जिन्याखाली कोरडी ठेवली तर पावसाळाभर पुरतात.