अभयारण्यातील श्रमदान : घाणेरी-निर्मूलनाचे दोन दिवस

शनिवार-रविवारच्या सुटीत युवक मंडळे व महाविद्यालयीन पथके श्रमदानासाठी अभयारण्यात जातात. अशा सेवाकार्याला २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने मोठी चालना दिली. या शिबिरांत वृक्षारोपण हेच मुख्य कार्य समजले जाते. तथापि, अभयारण्यात पुष्कळदा नवे रोप लावण्यापेक्षा उपद्रवी झुडूप काढणे अधिक निकडीचे असते. घाणेरी हे याचे ठळक उदाहरण होय.

उपद्रवाचे स्वरूप

टणटणी या नावानेही परिचित असलेले हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आले आणि पुढे देशभर पसरले. व्याघ्र प्रकल्पासाठी प्रथम निवडलेल्या नऊ क्षेत्रांपैकी एक असलेल्या मेळघाटातही त्याचा प्रादुर्भाव आहे. घाणेरीच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही. गवत गेले की चितळ व गवा यांचा चारा घटतो आणि पर्यायाने वाघाचे भक्ष्यही कमी होते. उन्हाळ्यात तिच्या वाळलेल्या फांद्या वणव्यास इंधन पुरवितात.

निर्मूलनाची रीत

केवळ कोयत्याने छाटल्यास घाणेरी पुन्हा जोमाने फुटते. कारण खोड व मूळ जेथे जुळतात त्या भागातून नवे कोंब येतात. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात प्रा. सी. आर. बाबू व सहकाऱ्यांनी योजिलेल्या पद्धतीचा वृत्तान्त २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तीनुसार सोटमूळ जमिनीखाली सुमारे ३ ते ५ सेंटिमीटरवर कुदळीने तोडतात व झुडूप उलटे ठेवून वाळू देतात, म्हणजे ते पुन्हा मूळ धरीत नाही. माती ओलसर असताना व फळे पिकण्यापूर्वी हे काम करणे इष्ट. पक्षी फळे खाऊन बी दूरवर नेतात. म्हणून पिकल्या फळांच्या फांद्या मोकळ्या जागेतून ओढीत नेऊ नयेत.

परवानगी व नियोजन

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंध असून तेथील वनस्पतींना परवानगीवाचून हात लावता येत नाही. अभयारण्यास धोका पोचेल अशा रीतीने आग पेटविण्यासही मनाई आहे. यास्तव जागा, दिवस व काम वनाधिकाऱ्यांशी आधी निश्चित करावे. पहिल्या दिवशी सकाळी वनरक्षकाकडून घाणेरी व स्थानिक झुडपे यांतील फरक समजून घ्यावा आणि मगच कुदळ हाती घ्यावी. झेपेल एवढाच लहान पट्टा निवडून तो दोन दिवसांत पूर्ण स्वच्छ करावा.

तथापि, काम तेथे संपत नाही. मातीत पडलेले बी पुढील पावसाळ्यात रुजते. ती कोवळी रोपे उपटण्यासाठी आणि गवत परत आले की नाही हे पाहण्यासाठी त्याच पट्ट्यात पुढील काही वर्षे जावे लागते. शिक्षकांनी दरवर्षी नवी तुकडी तेथे न्यावी, तसेच ग्रामपंचायतीने गावच्या वनसमितीस या कामाशी जोडून घ्यावे. घाणेरी उपटलेल्या जागी गवत उभे राहिले, तरच दोन दिवसांचे श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.