पुष्पप्रदर्शन सरल्यावर उरणारी बाग

बंगळूरच्या लालबागेत प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन यांच्या सुमारास, म्हणजे वर्षातून दोनदा, पुष्पप्रदर्शन भरते. लोखंड आणि काच वापरून उभारलेल्या तेथील काचघराची पायाभरणी १८८९ मध्ये झाली. प्रदर्शनाच्या दिवसांत या काचघरात पाय ठेवण्यासही जागा नसते. मध्यभागी फुलांनी साकारलेली भव्य प्रतिकृती आणि भोवती रंगसंगती साधून मांडलेल्या कुंड्यांच्या रांगा पाहून प्रेक्षक भारावून जातो. घराचे अंगण, शेतावरील कृषी पर्यटन केंद्र किंवा गावातील शाळेचे आवार असेच फुलवावे, असा संकल्प करूनच अनेक जण परततात.

हा संकल्प पुष्कळदा उन्हाळ्यात कोमेजतो. जानेवारीत डोळ्यांत भरलेल्या पेटुनिया, पॅन्सी, साल्व्हिया यांची रोपे फेब्रुवारीत विकत आणून लावली जातात. मार्च सरतासरता फुले लहान होऊ लागतात आणि एप्रिलमध्ये वाफे रिकामे पडतात. दोष मातीला किंवा माळ्याला दिला जातो. वस्तुतः ही हिवाळी हंगामी फुलझाडे आहेत. मैदानी प्रदेशात त्यांचे बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरावे लागते आणि उन्हाच्या झळा लागताच त्यांचे आयुष्य संपते. प्रदर्शनातून रोपांची यादी आणली गेली, रचना मात्र तेथेच राहिली, हे अपयशाचे खरे कारण होय.

देखाव्यामागील तयारी

प्रदर्शनातील प्रत्येक कुंडी ऐन बहरात असते, कारण ती रोपवाटिकेत वाढवून नेमक्या वेळी मांडलेली असते. प्रतिकृतीतील फुले तर तोडलेली असतात व कोमेजली की बदलावी लागतात. शेवंतीचे उदाहरण बोलके आहे. चंडीगडच्या शेवंती प्रदर्शनात डिसेंबरमध्ये दिसणाऱ्या एकेका डेरेदार कुंडीमागे पावसाळ्यात लावलेली छाटकलमे, शेंड्यांची वेळोवेळी खुडणी, नको असलेल्या कळ्या काढणे आणि आधाराच्या काड्या बांधणे, असे कित्येक महिन्यांचे श्रम असतात. दिवस लहान झाल्यावरच शेवंतीला कळ्या धरतात. म्हणून तो बहर वर्षभर टिकवण्याची अपेक्षा व्यर्थ ठरते.

बागेच्या रचनेचा पाठ घ्यायचा असेल, तर फुलांपलीकडे पाहावे लागते. मांडणीत एका रंगाचा मोठा पट्टा उठून दिसतो, तर दहा रंगांची सरमिसळ विस्कळीत वाटते. एकाच बाजूने पाहावयाच्या वाफ्यात उंच झाडे मागे व बुटकी पुढे असतात. चारही बाजूंनी दिसणाऱ्या वाफ्यात उंच झाडे मध्यभागी येतात. दोन भडक रंगांच्या मध्ये पांढरी फुले किंवा शोभेची पाने ठेवली, की डोळ्यांना विसावा मिळतो. ही तत्त्वे कोणत्याही हवामानात लागू पडतात. रोपे बदलली तरी ती बदलत नाहीत.

काचघराबाहेर पडल्यावर

बहुतेक प्रेक्षक काचघर पाहून माघारी फिरतात. उद्यानरचनेच्या अभ्यासकाने मात्र त्यानंतर लालबागेत निदान तासभर फिरावे. हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेली ही बाग आज सुमारे २४० एकरांवर पसरलेली आहे. जुने वृक्ष, तलाव, रुंद रस्ते आणि सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा खडक हा तिचा कायमचा सांगाडा होय. प्रदर्शनातील कुंड्या हलवल्या जातात. सांगाडा वर्षभर बागेला रूप देतो. हा खडक अडथळा न ठरता बागेचे वैशिष्ट्य ठरला आहे. शेतातील जुनी विहीर, बांधावरचे आंब्याचे झाड किंवा उघडा कातळ यांनाही असाच मान देता येईल. त्यांना केंद्रस्थानी ठेवून वाट आखली, तर बागेचा निम्मा आराखडा तयार होतो.

नोंदवहीत काय टिपावे

प्रदर्शनाला शक्यतो सकाळी, गर्दी नसताना जावे. आवडलेल्या प्रत्येक मांडणीसाठी झाडाचे नाव, उंची, पसारा, ऊन की सावली आणि पाण्याची गरज या बाबी लिहाव्यात. माळी भेटल्यास एक प्रश्न अवश्य विचारावा: या झाडाचे बी केव्हा पेरले होते? या उत्तरावरून आपल्या बागेचे वेळापत्रक बसवता येते. वाटेची रुंदी पावलांनी मोजावी. दोन माणसांना शेजारी शेजारी चालण्यासाठी साधारण सव्वा ते दीड मीटर वाट लागते.

आपल्या हवामानाचा पर्याय

उदगमंडलम येथील मे महिन्याचे पुष्पप्रदर्शन समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून अधिक उंचीवर भरते. त्याच महिन्यात विदर्भात पारा ४० अंशांच्या वर असतो. तेथील वाफ्याचा रंग व आकार उचलावा, रोप मात्र येथले निवडावे. उन्हाळ्यासाठी पोर्टुलाका, झिनिया, गोम्फ्रेना व गलांडा, पावसाळ्यासाठी तेरडा, कमी पाण्याच्या कायमस्वरूपी लागवडीसाठी बोगनवेल, टिकोमा, तगर असे पर्याय उपलब्ध आहेत. कण्हेर काटक असली तरी विषारी आहे. जनावरे आणि मुले वावरतात तेथे ती टाळावी. झेंडूच्या मोठ्या पट्ट्यासाठी पुसा नारंगी व पुसा बसंती, तर निशिगंधासाठी अर्का प्रज्वल हे संशोधन संस्थांनी विकसित केलेले वाण विचारात घेता येतील. त्यामुळे शोभेबरोबर फुलांचे उत्पन्नही मिळते. समान पाण्याची गरज असलेली झाडे एकत्र लावल्यास ठिबक संचाची आखणी सोपी होते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी गटाची सहल प्रदर्शनाला नेताना प्रत्येकाकडे एक विषय सोपवावा: कोणी रंग पाहावेत, कोणी उंची, कोणी वाटा, तर कोणी पाण्याची व्यवस्था. परतल्यावर रोपे घेण्याची घाई करू नये. आधी जागेवर दोरी ताणून चुन्याच्या फक्कीने वाटा व वाफे आखावेत आणि आठवडाभर त्या आखणीतून वावरून पाहावे. बैलगाडी वळते का, दुपारची सावली कोठे पडते, पाणी कोठे साचते, हे तेव्हाच कळते. या टप्प्यावर चूक दुरुस्त करण्यास मूठभर चुना पुरतो. लागवडीनंतर तीच चूक पूर्ण हंगामाची किंमत मागते.

शक्य झाल्यास लालबागेची जानेवारी आणि ऑगस्ट अशी दोन्ही प्रदर्शने पाहावीत. हंगामानुसार काय बदलले आणि काय जसेच्या तसे राहिले, याची नोंद शेजारी शेजारी ठेवावी. जे राहिले, त्यापासूनच आपल्या बागेची आखणी सुरू करावी.