संपर्क तुटला, तर गाडीने काय करावे?

बारडोलीचे नाव निघाले की १९२८ चा सत्याग्रह, सरदार वल्लभभाई आणि स्वराज आश्रम डोळ्यांसमोर येतात. आपणा मराठी मंडळींच्या मनात मात्र या गावाशी आणखी एक धागा जोडलेला असतो, आणि तो म्हणजे ताप्ती व्हॅली रेल्वे. १९०० च्या सुमारास सुरत आणि खानदेश या लोहमार्गाने जोडले गेले. बारडोली, मढी, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर ही नावे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खिडकीशी बसून पाठ केली आहेत. नवापूरच्या स्थानकातून तर गुजरात आणि महाराष्ट्र यांची सीमाच जाते. दोन राज्यांत घर असलेल्या माणसांना यापेक्षा जवळचे स्थानक कोणते असणार?

माझ्या वडिलांची, आप्पांची, सारी नोकरी याच मार्गावरील लहान स्थानकांत स्टेशन मास्तर म्हणून झाली. आज त्यांचे वय चौऱ्याऐंशी आहे. गुडघ्यांमुळे फिरणे बंद झाल्यावर त्यांच्यासाठी माडीवरच्या खोलीत आठ फूट लांब, चार फूट रुंद टेबलावर आम्ही एक छोटी रेल्वे मांडली. तिचे इंजिन विकतचे. पण प्रवासी डबे, स्थानकाची इमारत आणि पाण्याची टाकी आप्पांनी जाड पुठ्ठ्यातून स्वतः कापून केलेली. ती गाडी मोबाईलवरून वायफायद्वारे चालविण्याचा खटाटोप आम्ही केला. त्यात जे शिकायला मिळाले ते छंदापुरते राहिले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

पुण्याची प्रेरणा

या छंदाची ओढ आम्हाला पुण्यात लागली. कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी अनेक वर्षांच्या छंदातून उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथे एक अख्खे लघुनगर वसविले आहे. सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, जलतरण तलाव आणि या सर्वांमधून धावणाऱ्या गाड्या पाहताना लहानथोर सारखेच हरखून जातात. तेथील प्रमाण १:८७ चे आहे. म्हणजे खरा एक किलोमीटर या सृष्टीत साडेअकरा मीटरांचा होतो.

आप्पा मात्र गाड्यांपेक्षा त्या चालविणाऱ्यांकडेच पाहत बसले होते. तेथील गाड्या संगणकाद्वारे तसेच हातानेही चालविता येतात. बाहेर पडल्यावर ते एवढेच म्हणाले, "चालवणाऱ्याची नजर गाडीवर आहे. मग ठीक आहे." या वाक्याचा अर्थ मला पुढे दोन वर्षांनी कळला.

रुळांतून वाहणारा निरोप

जुन्या पद्धतीच्या खेळण्यातील गाडीचे तंत्र सोपे असते. रुळांना शून्य ते बारा व्होल्ट एकदिश विद्युतदाब द्यावा. दाब वाढविला की वेग वाढतो. अडचण अशी की, एकाच रुळावर दोन इंजिने उभी केली तर दोन्ही एकदमच पळू लागतात.

डिजिटल पद्धतीने ही अडचण दूर केली. जर्मनीतील बर्न्ड लेन्झ यांच्या कामातून विकसित झालेली ही पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय छंदसंघटनेने प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि म्हणूनच निरनिराळ्या उत्पादकांची इंजिने आज एका रुळावर नांदतात. यात रुळांवर सुमारे १५ व्होल्टचा दाब कायम असतो, पण त्याची दिशा सतत उलटसुलट होत राहते. प्रत्येक दिशा ५८ मायक्रोसेकंद टिकली तर तो 'एक', आणि १०० मायक्रोसेकंद किंवा अधिक टिकली तर तो 'शून्य'. अशा एक-शून्यांच्या माळेतून निरोप तयार होतो : अमुक क्रमांकाच्या इंजिनाने अमुक वेगाने जावे. निरोपाच्या शेवटी पडताळणीचा एक अंक असतो. तो जुळला नाही तर इंजिन तो निरोप टाकून देते.

वैद्यकीय वाचकांना हे समजण्यास मुळीच कठीण नाही. पीयूषिका ग्रंथीतून निघालेले थायरॉईड-उद्दीपक संप्रेरक रक्तातून सर्व शरीरभर फिरते, पण त्याला प्रतिसाद देते ती प्रामुख्याने थायरॉईड ग्रंथीच, कारण ग्राहक रेणू तिच्या पेशींवर आहेत. तसेच येथे घडते. प्रत्येक निरोप प्रत्येक इंजिनापर्यंत पोहोचतो. ज्याचा क्रमांक असेल तेच हालते. इंजिनाच्या पोटात बसविलेला नखाएवढा डिकोडर हा त्याचा ग्राहक रेणू.

मोबाईल कोठे जोडला जातो?

निरोप तयार करून रुळांत सोडणारी एक नियंत्रक पेटी असते. मोबाईल थेट इंजिनाशी बोलत नाही. तो वायफायवरून या पेटीशी बोलतो. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग संगणकाचा. पेटी संगणकाला जोडावी आणि संगणकावर जेएमआरआय ही विनामूल्य प्रणाली बसवावी. तिच्यातील वायथ्रॉटल सर्व्हर सुरू केला की घरच्या वायफायवरील मोबाईल त्याला जोडता येतो. आयफोनवर वायथ्रॉटल आणि अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर ही ॲप्स त्यासाठी आहेत. या प्रणालीचा आरंभ करणारे बॉब जेकबसन हे बर्कले येथील पदार्थवैज्ञानिक. त्यांच्या प्रणालीचा भाग अटी न पाळता वापरला गेला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. २००८ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, मुक्तपणे वाटलेल्या प्रणालीच्या अटी मोडणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. खेळण्यातील गाडीच्या निमित्ताने साऱ्या संगणकविश्वाला आधार देणारा निवाडा मिळाला, ही मोठी गंमतीची गोष्ट आहे.

दुसरा मार्ग आम्ही निवडला. आर्डुइनो मेगा नावाचे छोटे संगणकीय कार्ड, त्यावर मोटारला वीज पुरविणारे दुसरे कार्ड आणि वायफायचा एक लहानसा तुकडा, एवढ्या सामग्रीत डीसीसी-ईएक्स ही विनामूल्य प्रणाली भरली की नियंत्रक पेटी घरीच तयार होते. ती स्वतःचे वायफाय निर्माण करू शकते. येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. इंटरनेट बंद असले तरी पेटी आणि मोबाईल यांचे संभाषण चालू राहते.

पहिल्या रविवारी गाडी मोबाईलवरून हलली, तेव्हा नातवंडांनी टाळ्या वाजविल्या. आप्पांनी मात्र विचारले, "यात टोकन कुठे आहे?"

जुन्या एकेरी मार्गावर एका विभागात एकाच वेळी एकच गाडी असावी, म्हणून चालकाच्या हाती धातूचा गोळा दिला जाई. तो गोळा हाती असेल तरच पुढे जायचे. अधिकार हातात धरता येत असे, आणि तो कोणाकडे आहे हे डोळ्यांना दिसत असे. मी हसून म्हणालो, "आप्पा, आता टोकन हवेत असते."

तो अपघात

पुढच्याच आठवड्यात एका सायंकाळी मी प्रवासी गाडी फलाटाच्या रुळावर घेत होतो. हा रूळ दीड मीटर लांब असून टेबलाच्या काठाशी संपतो. आप्पा समोर बसले होते. तेवढ्यात त्याच मोबाईलवर रुग्णालयातून दूरध्वनी आला. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबत नव्हता. मी बोलत बोलतच जिना उतरलो. पडद्यावरून गाडीचे चित्र केव्हा गेले, हे माझ्या ध्यानीही आले नाही.

रात्री दीड वाजता परतलो. बाई सुखरूप होती. माडीवर दिवा जळत होता. इंजिन आणि दोन डबे जमिनीवर पडले होते. एका डब्याचा चेंदामेंदा झाला होता. आप्पांना खुर्चीतून वेळेत उठता आले नव्हते. ते पुठ्ठ्याचे तुकडे मांडीवर घेऊन बसले होते. रागावले नव्हते. म्हणाले, "तू गेलास ते बरोबरच. पण तू गेल्यावरही तुझा हुकूम चालूच राहिला. हे बरोबर नाही."

कारण साधे होते. नियंत्रक पेटी शेवटची आज्ञा लक्षात ठेवते आणि ती पुन्हा पुन्हा रुळांत सोडत राहते. आज्ञा देणारा उपस्थित आहे की नाही, हे ती विचारीत नाही. केसपेपरवर लिहिलेले सलाइन, लिहिणारा डॉक्टर घरी गेल्यावरही कोणी बदलेपर्यंत चालूच राहते, तसेच हे. दोष यंत्राचा नव्हता. जोडणी करताना ही शक्यता मी तपासलीच नव्हती.

यंत्राच्या हृदयाचा ठोका

उपाय शोधताना लक्षात आले की, वायथ्रॉटलच्या संभाषणपद्धतीत याचा विचार आधीच झालेला आहे, आणि त्याला नावही हृदयाच्या ठोक्याचेच दिले आहे. मोबाईलने ठराविक काळात, सामान्यतः दहा सेकंदांत, 'मी आहे' असा संकेत द्यायचा. संकेत आला नाही तर सर्व्हरने त्या मोबाईलची गाडी तातडीने थांबवायची. आम्ही संगणक जोडला, जेएमआरआय बसविली आणि ही सोय चालू केली. मोबाईलचे वायफाय मुद्दाम बंद केले. गाडी थांबली, पण तोपर्यंत रूळ संपलेला होता!

गणित मांडले. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. त्याला ८७ ने भागले की सेकंदाला १९ सेंटिमीटर. दहा सेकंदांत गाडी १.९ मीटर जाते, आणि आमचा रूळ दीड मीटरचा! वेग ताशी ३० च्या प्रमाणात ठेवला तर तेवढ्याच काळात ती सुमारे ९६ सेंटिमीटर जाते. म्हणजे संरक्षण आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. ते किती वेळात धावून येते आणि तेवढ्या वेळात काय घडते, हे मोजावे लागते. फलाटाच्या रुळावर आम्ही ताशी ३० ची मर्यादा घातली.

दुसरी चाचणी अधिक बोधप्रद ठरली. वायफाय चालू ठेवून मोबाईलवर नुसता दूरध्वनी केला. गाडी थांबलीच नाही. ॲप पडद्यामागे जाऊनही इमानेइतबारे ठोके देत होते! मोबाईल जिवंत होता. चालवणारा मात्र गाडीपाशी नव्हता. हृदयालेखावर लय दिसते आहे आणि नाडी लागत नाही, अशी अवस्था आपण सर्वांनी अतिदक्षता विभागात पाहिली आहे. पडद्यावरील लयीने फसू नये, बोट नाडीवर ठेवावे, हा धडा आपल्याला विद्यार्थिदशेतच मिळतो. तो मला एका खेळण्याने पुन्हा दिला.

खऱ्या रेल्वेला हे फार पूर्वी उमगलेले आहे. गाडीचे ब्रेक असे रचलेले असतात की, डबे तुटून वेगळे झाले तर नळीतील हवेचे संतुलन बिघडून ब्रेक आपोआप लागतात. इंजिनातील दक्षता यंत्रणा चालकाने ठराविक काळात काही कृती केली नाही तर आधी इशारा देते, मग ब्रेक लावते. ती इंजिन चालू आहे का, असे विचारीत नाही. माणूस जागा आहे का, असे विचारते.

आपल्या व्यवसायाशी संबंध

आज रुग्णालयांतही मॉनिटर, इन्फ्यूजन पंप, इतकेच काय पेसमेकरची तपासणीदेखील बिनतारी झाली आहे. उपकरण खरेदी करताना आपण किंमत, अचूकता आणि दुरुस्तीची सोय विचारतो. 'संपर्क तुटला तर हे काय करील?' हा प्रश्न क्वचितच विचारतो.

त्याचे उत्तर सर्वत्र सारखे नाही, ही यातील मेख आहे. आगगाडीसाठी थांबणे सुरक्षित. पेसमेकरचा बाहेरच्या यंत्राशी संपर्क तुटला तर त्याने मुळीच थांबता कामा नये. ठोके देत राहणे हेच तेथे सुरक्षित. व्हेंटिलेटरनेही श्वास देत राहून मोठ्याने हाक मारावी. आणि मॉनिटरचे आकडे परिचारिकेच्या पडद्यावर येईनासे झाले, तर शेवटचा चांगला आकडा तसाच दाखवीत राहणे हा सर्वांत मोठा घात. तेथे रिकामी जागा दिसावी. सारांश, प्रत्येक यंत्राची सुरक्षित अवस्था कोणती, हे संकट येण्यापूर्वी माणसाने ठरवायचे असते, आणि वायफाय हाताने बंद करून ते पडताळूनही पाहायचे असते.

समारोप

आमच्या माडीवर आता तीन नियम आहेत. पहिला, गाडी चालविण्यासाठी सिमकार्ड नसलेला जुना मोबाईल. ज्या मोबाईलवर रुग्णाची हाक येऊ शकते, त्यावर गाडी चालवायची नाही. दुसरा, फलाटाच्या रुळावर वेगमर्यादा. तिसरा, आप्पांच्या खुर्चीच्या हाताशी तारेने जोडलेले एक लाल बटण, जे दाबताच रुळांतील वीज तुटते. ते वायफायला विचारीत नाही.

चेंदामेंदा झालेला डबा आप्पांनी पुन्हा बांधला. बोटे कापतात, म्हणून दोन महिने लागले. आता मी मध्येच उठून गेलो की जुना मोबाईल त्यांच्या हाती देऊन जातो. ते तो टोकनच्या गोळ्यासारखा दोन्ही हातांनी घेतात आणि मोठ्याने म्हणतात, "टोकन मिळाले." तेवढे ऐकल्यावरच मी जिना उतरतो.